बुलाक

"बघा रं, आता गारुड्याचा खेळ," नथू म्हणाला आणि हात पुसायच्या चिंध्यांतून त्यानं वीतभर दोरा ओढून काढला.

चहाची सुट्टी होती. प्लेटिंग शेडच्या मागं, लिंबाच्या सावलीत आम्ही सात-आठ जण बसलो होतो. नथूनं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, त्याला पीळ दिला, मान मागं टाकली आणि दोरा डाव्या नाकपुडीत सरकवायला सुरुवात केली. मला वाटलं, आता शिंकणार. तो शिंकला नाही. थोड्या वेळानं दोऱ्याचं टोक उजव्या नाकपुडीतून बाहेर आलं. दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरून त्यानं तो दोरा इकडून तिकडं, तिकडून इकडं ओढून दाखवला. रवीची दोरी ओढावी तसा.

"ताक घुसळतंय बेनं," कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो-खो हसले.

मीही हसलो. मला तिथं लागून तीनच आठवडे झाले होते. नव्या माणसाला हा खेळ दाखवायची पद्धतच होती म्हणे.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. कुपवाडच्या एमआयडीसीत इनामदार साहेबांचा कारखाना होता. ट्रॅक्टर, क्रेन, उसाच्या गाड्या उलटणारी यंत्रं, अशांना लागणारे लोखंडी दांडे आमच्याकडं येत. त्यांना गंज चढू नये म्हणून त्यांवर क्रोमचा थर द्यायचा. थर देणारी टाकी शेडच्या मधोमध होती. आत गडद तांबडं पाणी, त्यात दांडे टांगलेले. वीज सोडली की पाणी फसफसायचं आणि वर पिवळसर धुकं उठायचं. ते धुकं ओढून बाहेर टाकायला टाकीच्या कडेला पंखा बसवला होता. त्याची पाती त्याच धुक्यानं खाल्ली होती, आणि मी लागायच्या आधीपासून तो बंद पडून होता. नथू हाके त्या टाकीवर सहा वर्षं उभा होता.

माझं काम वेगळं. मी बी.एस्सी. झालेला, कारखान्याचा केमिस्ट. तयार दांड्यांतला एक काढायचा, काचेच्या पेटीत ठेवायचा, त्यावर चार दिवस, चार रात्री मिठाच्या पाण्याचा फवारा सोडायचा आणि मग भिंग घेऊन बघायचं. सुईच्या टोकाएवढा तांबूस ठिपका दिसला तरी सगळे दांडे परत टाकीत.

त्या संध्याकाळी नथू हातपाय धूत होता तेव्हा मी त्याला गाठलं.

"दुखत नाही का रे?"

"आता न्हाय दुखत. आदी लई दुखायचं. खाज काय, शिंका काय! सकाळी उठलं की रगताची खपली. मग एक दिस खपली निघाली ती मोठीच निघाली, आनि त्या दिसापास्नं सगळं थंड."

"डॉक्टरला दाखवलं नाहीस?"

"त्येला काय दाखवायचं? टाकीवर ऱ्हायलं की भोक पडतंच. भोक पडलं म्हंजी मानूस पक्का झाला." हसला, मग म्हणाला, "वास तेवढा येत न्हाय बगा. परवा चुलीवर दूध करपून कोळसा झालं, मी शेजारी बसून. म्हातारी परड्यातनं वरडत आली तवा कळलं."

माझ्याजवळ कॉलेजातलं प्लेटिंगचं जाडजूड पुस्तक होतं. त्या रात्री मी ते काढलं. सगळं त्यात होतं. क्रोमच्या धुक्यानं दोन नाकपुड्यांमधला पडदा झिजतो, त्याला भोक पडतं. पुढं फुप्फुसंही धरतात. हा रोग आहे, आणि तो कामामुळं झालेला मानला जातो. मी त्या पानावर पेन्सिलीनं रेघा मारल्या, कडेला मराठीत चार ओळी लिहिल्या. सकाळी इनामदारांना पंख्याचं बोललो.

"हा माल निघू दे," ते म्हणाले. "पंखा काय, बसवू."

तो माल निघाला, पुढचा आला, तोही निघाला.

नथूची आणि माझी चांगली गट्टी जमली होती. मी चोवीसचा, तो पस्तिशीचा. मला 'मगदूम सायब' म्हणायचा आणि वर टपलीही मारायचा. बिरोबाच्या जत्रेला त्यानं मला गावी नेलं. मिरजेपासून तासाभरावर गाव. घरात बकऱ्याचं शिजत होतं. मी जैन, म्हणून त्याच्या आईनं, केराबाईनं, परड्यात वेगळी चूल मांडून माझ्यापुरत्या पोळ्या केल्या होत्या. ताटसुद्धा नवं आणलेलं. "ह्येला आमचा हात लागलाय तेवढाच, मटनाचा न्हाय," असं तिनं मला दोनदा सांगितलं.

जेवता जेवता मी सहज विचारलं, "नथू नाव कुणी ठेवलं?"

"मीच," ती म्हणाली. "ह्येच्या आदी तीन झाले. तिन्ही पोरगं. एक बी बारशापतूर टिकलं न्हाय. मग ह्यो झाला तवा सुईनीला म्हनलं, पाचवीच्या आदी नाक टोच. डाव्या अंगाला, हितं," तिनं स्वतःच्या नाकपुडीवर बोट ठेवलं, "मुरनी घातली. सटवी लिवायला आली तर तिला म्हनलं, ही पोर हाय, पोरगं न्हाय, जा तू. आनि नाव ठेवलं नथू. पिकलं बगा नाक, म्हैनाभर हळद भरत हुते. पर जगला. मला बी माज्या आयनं अशीच केरात टाकून उचलली हुती. म्हनून मी केराबाई."

नथूच्या डाव्या नाकपुडीकडं मी निरखून बघितलं. खूणसुद्धा राहिली नव्हती.

मग मी पुस्तकाची गोष्ट काढली. हा रोग आहे, कारखान्यानं काळजी घेतली नाही म्हणून झालाय, कायद्यानं भरपाई मागता येते, हे सगळं मी त्या अंगणात बसून समजावून सांगितलं. माझा आवाज जरा चढलाही असेल. केराबाईनं शेवटी विचारलं,

"म्हंजी माज्या पोराचं नाक कारखान्यानं खाल्लं?"

"हो, मावशी."

"तुमी सांगताय म्हंजी खरं," ती म्हणाली, आणि नथूकडं वळली. "सायब म्हनत्यात तसं कर."

नथूनं सांगलीचा कुंभोजकर वकील धरला. वय झालेला, काळा कोट विटलेला, पण माणूस सरळ. मी पुस्तक दिलं. कामगार न्यायालयात दावा दाखल झाला आणि आठवड्याच्या आत इनामदारांनी नथूला घरी बसवलं. "आजारी आहेस ना? मग विश्रांती घे." त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला. चहाच्या सुट्टीत लोक नथूचं नाव काढीनासे झाले, आणि काढलं तर नाकात बोट घालून काढत. ज्यांच्या स्वतःच्या नाकांतून सकाळी रक्त यायचं तेही. कारखाना बंद पडला तर खायचं काय, एवढंच त्यांना कळत होतं. ते कुणी त्यांच्या कानांत घातलं होतं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

एका दुपारी इनामदारांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बस, मगदूम. चहा घेणार?"

टेबलावर एक झेरॉक्स होती. कुंभोजकरांनी दाव्याला जोडलेलं पुस्तकाचं पान. रेघा मारलेलं, कडेला चार ओळी लिहिलेलं.

"अक्षर तुझंच ना?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"मी रागावलेलो नाही," इनामदार म्हणाले. "तुझ्या वयात मीही असाच होतो. पण मला सांग, उद्या हा दावा लागला तर टाकीवरचे बाकीचे पाच जण रांगेत उभे राहतील. शेड बंद. मग तू कुठं जाणार? बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसला होतास, असं तुझे वडील सांगत होते. प्लेटिंगला इन्चार्ज लागणार आहे मला. तुझं नाव मी धरून चाललोय." त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "तू त्याच्या घरी जातोस, येतोस. माणसाची माहिती असते आपल्याला. काय असेल ते सांग."

चहा पीत मी बोलत राहिलो. दहा मिनिटं तरी बोललो असेन. इनामदारांनी मला एकदाही थांबवलं नाही. शेवटी फक्त वही ओढून दोन ओळी लिहून घेतल्या.

सुनावणी फेब्रुवारीत निघाली. कोर्टाच्या व्हरांड्यात केराबाई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठायला लागली, मी खुणेनंच बसा म्हटलं. कंपनीच्या बाजूनं मीही साक्षीदार आहे हे तिला समजलं नव्हतं. सायब आलेत म्हणजे आपल्यासाठी आलेत, एवढंच ती समजली. नथूनं माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. साक्षीदारांची यादी त्यानं वाचली होती.

साक्षीदारांनी बाहेर थांबायचं असतं. पण दार उघडं होतं आणि दाराजवळच्या बाकावरून मला सगळं दिसत, ऐकू येत होतं. केराबाई लांब, व्हरांड्याच्या टोकाला होती.

आधी नथूची साक्ष झाली. मग कंपनीचे सरंजामे वकील उठले. गोड आवाजाचा माणूस.

"नथू, कारखान्यात तुम्ही एक खेळ करून दाखवायचा म्हणे?"

"व्हय."

"नाकातून दोरा काढायचा?"

"व्हय."

"हसायचे सगळे? तुम्हीही?"

"व्हय."

सरंजाम्यांनी खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं, हातभर दोरा तोडला. "कोर्टाला दाखवा बरं."

कुंभोजकर उठून उभे राहिले. "साहेब, याची काय गरज? डॉक्टरांचा दाखला आहे."

"दाखल्यात डॉक्टर म्हणतात, छिद्र आहे, कारण निश्चित सांगता येत नाही," सरंजामे म्हणाले. "छिद्र किती जुनं, किती मुरलेलं, ते कोर्टानं डोळ्यांनी बघावं."

न्यायाधीशांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

नथूनं दोरा घेतला. टोक ओलं केलं, पीळ दिला, मान मागं टाकली. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. दुसऱ्या तारखांसाठी आलेले लोक माना उंचावून बघायला लागले. तिसऱ्यांदा टोक बाहेर आलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी दोघं-तिघं. शिपायालाही हसू आवरेना.

"दुखलं?" सरंजाम्यांनी विचारलं.

नथूच्या नाकातून दोरा लोंबत होता. "न्हाय," तो म्हणाला.

"नोंद घ्यावी, साहेब."

मग केराबाईला बोलावलं. कुंभोजकरांनी तिला एवढ्याचसाठी आणलं होतं, की पोराला कारखान्यात जायच्या आधी नाकाचं काही दुखणं नव्हतं हे आईनं सांगावं. ते तिनं नीट सांगितलं. मग सरंजामे पुढं झाले. तिच्याशी ते अगदी अदबीनं बोलले.

"आजी, मुलाचं नाव कुणी ठेवलं?"

"मीच." तिचा चेहरा खुलला.

"नथूच का?"

आणि केराबाईनं सगळं सांगितलं. तीन पोरं गेलेली, सटवी, पाचवी, सुईण. मला अंगणात सांगितलं होतं त्याच ओघात, त्याच अभिमानानं. न्यायाधीशसुद्धा लेखणी थांबवून ऐकत होते. एवढ्या मोठ्या लोकांनी आपलं ऐकून घ्यावं, याचं तिला फार अप्रूप वाटत होतं.

"म्हणजे नाक टोचलं होतं?"

"व्हय तर."

"पिकलं होतं?"

"म्हैनाभर. पू यायचा. हळद भरून भरून बरं केलं."

"महिनाभर पू येत होता," सरंजामे सावकाश म्हणाले. टंकलेखकाची बोटं चालली.

कुंभोजकरांना धोका कळला. ते उठले. "आजी, टोचलं कुठं होतं?"

"हितं," ती म्हणाली आणि बोट ठेवलं.

टंकलेखकानं लिहिलं, साक्षीदार स्वतःच्या नाकाला बोट लावून दाखवते. कुठल्या जागी, ते लिहिलं नाही. कुंभोजकरांना तेवढं पुरेसं वाटलं. तिला बाहेर पाठवलं. ती व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पहिल्या जागी बसली, पदर नीट केला, आणि लांबूनच माझ्याकडं बघून मान डोलावली. झकास झालं, अशा अर्थानं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मला आत बोलावलं.

"तुम्ही सायन्सचे पदवीधर?"

"हो."

"अर्जदाराच्या घरी गेला होता?"

"हो. जत्रेला."

"नाक टोचल्याची हकीकत त्यांच्या आईनं तुम्हाला सांगितली?"

"हो."

"दागिना कोणता घातला होता, म्हणाल्या?"

इनामदारांनी त्या दुपारी वहीत काय लिहून घेतलं होतं, ते आता सांगतो. नथू नावाची आणि टोचलेल्या नाकाची गोष्ट त्यांना माझ्याकडून कळली होती. विचारलं होतं त्यांनी मोघमच; टोचण्याचं मी आपणहून काढलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण इनामदार म्हणाले, "पण टोचतात ते बाजूला ना?" आणि मी म्हणालो, "काही जणांत मधोमधही टोचतात, साहेब. पडद्यातच. त्यात बुलाक घालतात." ते मी सुचवलं. ती दुसरी ओळ माझी होती.

"काय घातलं होतं?" सरंजाम्यांनी परत विचारलं.

"बुलाक," मी म्हणालो.

"म्हणजे दोन नाकपुड्यांच्या मध्ये लोंबतो तो?"

"हो."

"मुरनी हुती, सायब," नथू जागेवरून म्हणाला. ओरडला नाही, नुसता म्हणाला.

"मध्ये बोलायचं नाही," न्यायाधीश म्हणाले.

कुंभोजकर उलटतपासणीला उठले. "पुस्तक तुम्हीच दिलंत ना? हा रोग आहे असं तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो. तेव्हा मला बुलाकाचं माहीत नव्हतं. ते नंतर कळलं."

हेही खोटं. नाक टोचल्याची गोष्ट जत्रेच्या पंगतीतच ऐकली होती, आणि पुस्तक त्यानंतर दिलं होतं. हे खोटं मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मला आयत्या वेळी सुचलं, आणि चांगलं सुचलं म्हणून आतून बरंही वाटलं. एवढं लिहिलं आहे तर तेही लिहायला हवं.

कुंभोजकर न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, आईला एकदाच परत बोलवायची परवानगी द्या. एकच प्रश्न. बुलाक की मुरणी."

न्यायाधीशांनी विचार केला. "बोलवा," म्हणाले.

तेवढ्यात नथू उठला. "नको."

"अरे, एकच प्रश्न आहे!" कुंभोजकर त्याच्या कानाशी गेले, पण आवाज दबला नाही. "त्या एका शब्दावर आहे सगळं!"

"नको वकीलसायब. तिला परत उभी करू नगा. का इचारताय म्हनंल ती. मग तिला कळंल." त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. "तिच्या बोलन्यानं माजं काय झालं त्ये तिला कळंल. तिचं तीन गेल्यात. ह्ये नको."

न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

निकाल तीन महिन्यांनी लागला. दावा फेटाळला. लहानपणी नाक टोचल्यानं झालेल्या जखमेचा संभव नाकारता येत नाही, असं त्यात होतं, आणि 'सुशिक्षित व निःपक्ष साक्षीदार' म्हणून माझा उल्लेख होता. मी इन्चार्ज झालो. पंखा नवा बसला, दावा फेटाळल्यावर महिनाभरातच. आता बसवला तर कुणी त्याला चुकीची कबुली म्हणणार नव्हतं. नथू मामाची मेंढरं राखायला गेला. दहा-बारा वर्षांनी तो छातीच्या दुखण्यानं गेल्याचं कानांवर आलं. मी गेलो नाही.

पण त्या दिवशी कोर्टातून बाहेर आलो तेव्हा व्हरांड्यातून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. केराबाई वाटेतच उभी होती.

"सायब, मी नीट बोलले न्हवं? कायबी इसरले न्हाय."

"नीट बोललात, मावशी."

"मोटं सायब कसं ऐकत हुते! लिवायचं सोडून." मग तिनं आवाज उतरवला. "आनि तुमास्नी काय इचारलं?"

मागं नथू येऊन उभा होता. त्याच्या वरच्या ओठावर रक्ताची बारीक रेघ वाळली होती. तीन-तीनदा दोरा घातल्यानं आत कुठंतरी फाटलं असणार.

"त्यास्नी बी त्येच इचारलं, आये," तो म्हणाला. "सायबांनी सांगितलं सगळं. आपल्या बाजूनं बोलले."

केराबाईचे डोळे भरून आले. ती पुढं झाली, दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायला लागली. कडाकड वाजत होती. मी मान खाली घालून उभा राहिलो. मागं सरता येईना, पुढं जाता येईना. नथू बघत होता. त्यानं घाई केली नाही. दहाही बोटं मोडून होईपर्यंत तो थांबला.

मग म्हणाला, "चल आये. यष्टी जाईल."